सोवळ्यातली हवा

लग्न होऊन हिंगोलीला आले तेव्हा मला सगळं कळत होतं. पुढच्या आयुष्यात तसं पुन्हा कधी झालं नाही. नऊवारीचा काष्टा दिवसातून चारदा सुटायचा, भाकरी थापली की तिचा नकाशा व्हायचा, पण कोणी काही विचारायच्या आत सल्ला द्यायची माझी तयारी असे. माहेर साखऱ्याचं. तिथं यंत्र म्हणावं अशी गावात एकच वस्तू, पाटलांच्या घरची शिवणाची मशीन, आणि तीही कायमची बंद पडलेली. ती उघडून पुन्हा बंद करताना मी जवळ उभी होते. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला यंत्रातली जाणकार समजत होते.

आमचे हे शाळेत मास्तर. त्यांना नाद रंगाचा. त्या काळात फोटो काळे-पांढरे निघत. लोक ते आणून देत आणि हे हौसेनं त्यांत रंग भरत. कोणाचा फेटा केशरी करून दे, कोणाच्या बायकोच्या लुगड्याला हिरवे काठ काढून दे. हैदराबादेत एक फोटोचं दुकान बंद होत होतं, तिथून त्यांनी एक पितळी लेखणी आणली होती. दिसायला बोरूसारखी, पण जरा जाड. तिच्या पाठीवर कुंकवाच्या करंड्याएवढी वाटी. वाटीत पातळ रंग घालायचा, बोटानं वरची कळ दाबायची आणि मागे ओढायची, की टोकातून रंगाचं धुकं निघायचं. अगदी धुकं. कागदावर हात फिरवला तर रंग कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते कळू नये.

त्या धुक्याला लागायची हवा, आणि ती पुरवायला ओसरीत मोटारीचं एक जुनं चाक आडवं पडलेलं असे. लढाईची वर्षं होती, पेट्रोल मिळत नव्हतं. गावात मोटारी उभ्या राहून गंजत होत्या, त्यांतल्या एकीचं ते चाक. त्याला ह्यांनी दोन नळ्या जोडल्या होत्या. एकीतून पंपानं हवा आत भरायची, दुसरीतून ती लेखणीकडे जायची. चाक म्हणजे हवेची कणगी. पंप सायकलवाल्यांकडे असतो तसा, पायांनी दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी वर-खाली करायचा.

पंप मारायचं काम माझं. ह्याचं मला फार अप्रूप वाटे, कारण दिवसाउजेडी नवऱ्याजवळ उभं राहायला सबंध घरात मला मिळालेलं ते एकच कारण होतं. आम्हा दोघांचं जे काही बोलणं झालं ते पंपाच्या तालावर झालं. मी वर ओढताना विचारायचं आणि खाली दाबताना त्यांनी उत्तर द्यायचं. हळूहळू मी लेखणीही हातात घ्यायला लागले. शिकायला ह्यांनी मला एक भोपळा दिला होता. मी त्याला गाल काढले आणि गालांवर लाली चढवली. इतकी चांगली चढली, की मग त्या भोपळ्याची भाजी खायला घरात कोणी धजेना.

आता महालक्ष्म्यांचं सांगते. भादव्यात आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा येतात. त्यांचे मुखवटे मातीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे, आणि दर काही वर्षांनी ते रंगवावे लागत. रंगवणारे चितारी आता थकले होते, डोळ्यांनी अधू झाले होते. मागच्या खेपेला त्यांनी दोघींच्या गालांवर लाल रंगाच्या अशा वाटोळ्या चकत्या काढल्या, की वाटावं दोघींची आपसात मारामारी झाली आहे. तेव्हा ह्यांनी ठरवलं की या वर्षी मुखवटे लेखणीनं रंगवायचे. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ते पसंत पडलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला ह्यांना शाळेच्या कामासाठी परभणीला जावं लागलं. परत येणार ते जेवणाच्या दिवशी, म्हणजे महालक्ष्म्या येऊन बसल्याच्या दुसऱ्या दिवशी.

"मग राहू दे या वर्षी," आत्याबाई म्हणाल्या. "आहेत तशा बसवू."

"काहून? मी करते की," मी म्हणाले.

ह्यांनी जाता जाता मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काळजी होती. मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

त्यांची पाठ फिरते न फिरते तोच मी दोन्ही मुखवटे अंगणात घेऊन बसले आणि टर्पेंटाइननं घासून जुना रंग पार काढून टाकला. डोळे गेले, ओठ गेले, भुवया गेल्या. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. गल्लीत काही घडलं की ते त्यांना बघावंच लागे.

"काय गं, रंग काढता येतो तसा भरताही येतो का?"

"येतो न्‌ काकू. त्यात काय एवढं."

"आन्‌ न्हाई आला तर? उद्याच्याला महालक्ष्म्या यायच्या हायेत. बिनतोंडाच्या उभ्या करशील का?"

मी हसले. काकू हसल्या नाहीत. त्या संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळलं होतं, की अमक्यांच्या नव्या सुनेनं देवीची तोंडं पुसून ठेवली आहेत.

तेव्हा कुठं मला जरा थंडी वाजली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात पावलं काढून दोघींना आत आणायचं होतं. तोंड नसलेली देवी आमच्या घरी यापूर्वी कधी आली नव्हती, आणि आली असती तर ती कोणामुळे आली हे हिंगोलीत जन्मभर कोणी विसरलं नसतं. माझ्या मुलींच्या लग्नात बायकांनी ते एकमेकींना सांगितलं असतं. मुली अजून झाल्याही नव्हत्या.

कुंचल्यानं रंगवावं तर माझा हात कुंचल्याला नाहीच. मुखवट्याच्या एका कडेला करून पाहिलं, तर शेणानं सारवल्यासारखे फराटे उठले. ते पुसून काढलं. म्हणजे लेखणीशिवाय गती नाही. मी वाटीत फिकट पिवळा रंग घातला, आत्याबाईंना पंपावर उभं केलं आणि ज्येष्ठेच्या कपाळावर कळ दाबली.

धुकं आलं नाही. लेखणी थुंकली. टप्प, टप्प, टप्प. देवीच्या कपाळावर गोवर आला.

"हे असंच असतं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"सुरुवातीला असंच असतं," मी म्हणाले. ते कुठून सुचलं देव जाणे.

मग मी शोधाला लागले. पहिला संशय रंगावर. दाट असेल. पातळ केला. आता थुंकी दाट नव्हती एवढाच फरक. ती कपाळावरून ओघळून नाकापर्यंत आली आणि ज्येष्ठा रडायला लागली. पुसलं.

दुसरा संशय लेखणीवर. टोक तुंबलं असेल. लेखणी उघडून सगळे भाग परातीत ठेवले, माझ्याच डोक्याचा एक लांब केस उपटून दुहेरी केला आणि टोकाच्या भोकातून ओढून काढला. आरपार उजेड दिसत होता. पुन्हा जोडली, पुन्हा थुंकली. एक बारकी स्प्रिंग परातीत उरली होती, म्हणून परत उघडली, ती घातली, जोडली. तरी थुंकली.

तिसरा संशय नळ्यांवर. कुठंतरी हवा निसटत असणार. सणाच्या न्हाणासाठी आत्याबाईंनी रिठे भिजत घातले होते. त्यांचा फेस करून मी नळ्यांना, जोडांना, चाकाच्या तोंडाला, सगळीकडे चोपडला. हवा निसटत असेल तिथं फेसाला बुडबुडे यायला पाहिजेत. एका जोडाला आले. मला इतका आनंद झाला की मी आत्याबाईंना हाक मारून ते दाखवले. जोडाला मेण लावून सुतळीनं आवळलं. बुडबुडे थांबले. लेखणी थुंकतच राहिली.

आता चाकावर थाप मारून पाहिली. भरलेलं चाक दगडासारखं लागतं. हे पुरणाच्या उंड्यासारखं लागलं. बोट रुतत होतं. पंप मारून मारून आत्याबाई घामाघूम झाल्या होत्या आणि चाक काही फुगत नव्हतं. एवढी हवा जाते कुठं? मला तिथं बसल्या बसल्या एक शोध लागला.

"आत्याबाई, माझ्या ध्यानात आलं. भादव्याची हवाच पातळ असते."

"व्हय?"

"पाऊस पडून राहिला न्‌ इतके दिवस. पाण्यानं हवा पातळ होते. उन्हाळ्यातली हवा दाट. ती लवकर भरते."

"असंल बाई," आत्याबाई लगेच म्हणाल्या. "तसंच असंल."

आता, माझ्या आत्याबाई कोणाचं काही लगेच मान्य करणाऱ्यांतल्या नव्हत्या. शिरड शहापूरचं त्यांचं माहेर, तिथल्या माणसांना म्हणे सूर्य पूर्वेला उगवतो हेही आधी पटवून द्यावं लागे. त्यांनी माझं म्हणणं एवढ्या चटकन मानलं, तिथंच मला संशय यायला पाहिजे होता. पण मला वाटलं, शेवटी माझ्या बुद्धीची छाप पडली.

रात्र तशीच गेली. सकाळी मात्र डोळ्यापुढे बिनचेहऱ्याच्या दोन देवी. मी डोईवरचा पदर दातात धरला आणि ते चाक गल्लीतून ढकलत कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात नेलं. हिंगोलीत भर गल्लीतून मोटारीचं चाक ढकलत नेणारी पहिली सून मीच असणार. काकू कुंपणावर होत्याच.

दुकान एका मुसलमान चाचांचं. ते पंक्चर काढत बसले होते. त्यांनी आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं.

"चाक आया बहू, मोटर कां है?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चाक पाण्याच्या हौदात फिरवून पाहिलं, आपल्या पंपानं हवा भरली आणि वरून मूठ आपटली. दगड.

"ट्यूब में कुछ तकलीफ नइं. बराबर है."

"चाचा, भादों की हवा पतली होती है क्या?"

चाचांनी क्षणभर विचार केला. "होती होंगी बेटा. मेरे पंप में तो मोटीच आ रई."

ते दगडासारखं चाक मी धावत घरी आणलं. नळ्या जोडल्या, गुलाबी रंग घातला, आणि हवा पुरेल तोवर पुरेल म्हणून आधी गालच धरला, कारण तेच जमतं का नाही हे मला बघायचं होतं. कळ दाबली. धुकं निघालं. ज्येष्ठेच्या डाव्या गालावर अशी लाली आली, की माझा भोपळा तिच्यापुढे फिका. उजव्या गालाकडे वळले आणि हवा संपली.

एक गाल झाला होता. पण आता दुखणं सापडलं होतं. चाचांच्या पंपानं चाक भरतं आणि आमच्या पंपानं भरत नाही, म्हणजे रोग आमच्या पंपात. चाचांचा पंप मागून आणावा, तर दुकानात तो एकच, आणि सणासाठी गावोगावच्या सायकली दारात उभ्या.

मी पंप घेतला आणि डोक्यावरचं झाकण फिरवून दांडा बाहेर ओढला.

दांड्याच्या टोकाला चामड्याची एक वाटीसारखी चकती असते. तिला वायसर म्हणतात. दांडा खाली दाबला की ती वाटी नळीच्या भिंतींना घट्ट चिकटते आणि हवेला वर पळू देत नाही. पंपाचा जीव म्हणजे तीच. ह्यांनी ती तेल पाजून मऊ ठेवलेली मी कितीदा तरी पाहिली होती.

टोकाला चामडं नव्हतं. तिथं किरमिजी रेशमाची एक टुमदार चकती होती. चार पदरी, कडेनं बारीक टाके घातलेली, मधे दांड्यापुरतं काज केलेली. इतकं सुरेख शिवण घरात एकाच माणसाचं होतं. आणि ते किरमिजी रेशीमही मी ओळखलं. आत्याबाईंच्या जुन्या सोवळ्याच्या मुकट्याचं.

मी दांडा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आत्याबाई पुरण वाटत होत्या. त्यांनी दांड्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाट्याकडे.

"आत्याबाई, हे काय?"

"काय?"

"हे. मुकटा."

"मग? चामड्यातून आलेली हवा देवीच्या तोंडावर मारायची?" त्या शांतपणे म्हणाल्या. "कुठल्या मेल्या ढोराचं चामडं ते. पोरगा मला कौतुकानं पंप उघडून दाखवून राहिला तवाच माझ्या ध्यानात आलं. बोलले न्हाई. म्हणलं, मुकाट्यानं बदलून टाकू. रेशीम सोवळ्यात चालतं."

"पण त्यातून हवा जाते न्‌."

"चार पदर घातले होते."

"मग काल मी भादव्याची हवा पातळ म्हणाले तवा..."

"मला वाटलं, असंलही. तुला यंत्रातलं लई कळतं म्हणतेस."



चामड्याचा वायसर कुठाय विचारलं, तर तो त्यांनी चिमट्यानं उचलून मागच्या दारी टाकला होता आणि कुत्र्यानं नेला होता. नवीन वायसर चाचांकडे मिळाला असता. ते मी म्हणताच आत्याबाईंनी वाटायचं थांबवलं. "म्हणजे सकाळी तू चाक भरून आणलंस ती हवा पन चामड्यातली?"

ह्या बाईची अक्कल भलत्याच वेळी चालायची.

"त्या हवेनं काय रंगवलंस?"

"डावा गाल."

"पूस."

मी तो गाल पुसला. जन्मात पुसलेल्या सगळ्या गोष्टींत तो गाल पुसायला मला सगळ्यांत जड गेलं. आता देवीला एकही गाल नव्हता आणि दिवस डोक्यावर आला होता.

रबर झाडाचा चीक असतो, तो सोवळ्यात बसेल, असं म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक चकती कापून बसवली. आत्याबाईंनी थोडी कुरकुर करून ती मान्य केली. पण रबराची वाटी होईना. ते चपटंच राहिलं, पहिल्या दाबाला दुमडलं आणि नळीत असं अडकलं, की ते काढायला उलथन्याचा दांडा घालावा लागला.

मी ओसरीत पाय पसरून बसले. समोर मामंजी, म्हणजे सासरे, संध्या करत होते. अंग ताठ, डोळे मिटलेले. खाली मृगाजिन. हरणाचं ते कातडं त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. चार पायांचे चार कोपरे बाहेर लोंबत होते. मी बघत होते आणि काहीच विचार करत नव्हते. मग एकाएकी विचार करायला लागले.

मागे वळून पाहिलं, तर आत्याबाई दारात उभ्या. त्यांचीही नजर तिथंच. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. लग्नानंतर आम्हा दोघींच्या मनात एका वेळी एकच गोष्ट आली ती तेव्हाच पहिल्यांदा.

मामंजींनी डोळे उघडायची आम्ही वाट पाहिली.

"एक विचारू का?" आत्याबाईंनी पदर सारखा केला. "मृगाजिन चामडं म्हणायचं का?"

मामंजींना शास्त्र विचारलं की त्यांचा चेहरा उजळत असे. घरात ते कोणी फारसं विचारत नव्हतं. "छे. चामडं अपवित्र, अजिन पवित्र. ऋषिमुनी त्यावरच बसले."

"देवाच्या कामात चालतं?"

"देवाच्या कामासाठीच आहे ते."

"आन्‌ त्याचा तुकडा?" मी विचारलं. सुनेनं सासऱ्याला शास्त्र विचारायचं नसतं, पण ते रंगात आले होते.

"पवित्र वस्तूचा तुकडाही पवित्रच. तुळशीचं एक पान काय आणि सबंध तुळस काय."

"मग द्या," आत्याबाई म्हणाल्या.

"काय द्या?"

"मागचा डावा पाय."

मामंजींनी एकदा आत्याबाईंकडे, एकदा माझ्या हातातल्या पंपाच्या दांड्याकडे, एकदा आपल्या बुडाखाली पाहिलं. स्वतःच्या निर्णयातून बाहेर पडायची वाट त्यांना कुठं सापडत नव्हती, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"वडिलांचं आहे ते," शेवटी ते म्हणाले.

"देवीही त्यांचीच हाय. त्यांच्या वेळेपासून येऊन राहिली. तोंडाशिवाय उभी केली तर वडिलांना बरं वाटंल का?"

मामंजी उठले. मृगाजिनाची घडी केली आणि आपल्या हातानं अडकित्त्यानं तो कोपरा कापून दिला. कापताना त्यांनी काहीतरी मंत्र म्हटला. कशाचा ते कळलं नाही, बहुधा त्यांनाही ठाऊक नसावा.

मी विळीच्या पात्यानं केस खरवडले. कातडं कोमट तिळाच्या तेलात बुडवून ठेवलं. मऊ झाल्यावर त्याची गोल चकती कापली, देवाच्या लहान वाटीत घालून अंगठ्यानं दाबदाबून तिला वाटीचा आकार आणला आणि दांड्याला बसवली. दांडा नळीत घातला, पाय रोवले, दाबला. लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. हवा काहीच नाही.

पण तोवर मला एक गोष्ट समजली होती, की माझा पहिला अंदाज नेहमी चुकलेला असतो, तेव्हा आपलं दुसऱ्या अंदाजाकडे जावं. दांडा पुन्हा काढला आणि चकती नीट पाहिली. जेवायची वाटी आपण कशी ठेवतो? तोंड वर. मी तशीच बसवली होती. पण हवा खाली कोंडायची होती, म्हणजे तोंड खाली पाहिजे. खालून हवेचा दाब आला की वाटी फुलून भिंतींना चिकटणार. वाटी पालथी घातली. तेलाचा हात फिरवला. दाबलं.

दांडा अर्ध्यात अडला. खालून हवा मला वर ढकलत होती. इतका चांगला अडथळा मी आयुष्यात पाहिला नाही.

"आत्याबाई, मारा."

आत्याबाई मुकटा नेसून, केस वर बांधून पंपावर उभ्या राहिल्या. मी चाकावर थाप मारत राहिले. पुरण, मग कच्चा पेरू, मग दगड. मग मी लेखणी घेऊन बसले. चाकात एका वेळी फार हवा मावत नसे, तेव्हा रंगवायचं काम चालू तोवर पंपही चालूच ठेवावा लागे. मी कळ दाबायची, त्यांनी दांडा. पिवळट रंगाचं कपाळ, हनुवटी, नाकाच्या बाजूची सावली, मग गाल. मी म्हणायची "थांबू का जरा?" आणि त्या म्हणायच्या "रंग वाळंल न्‌ तोवर. चालू दे." मधेच त्या वाकून बघायच्या आणि पुन्हा जोर लावायच्या. डोळे, भुवया आणि ओठ तेवढे कुंचल्यानं काढले. सकाळपासून इतक्या गोष्टी चुकल्या होत्या, की हाताला आता भीती उरली नव्हती.

धाकटीची जिवणी जरा हसरी झाली. ते मी मुद्दाम केलं नाही, पण पुसलंही नाही.

दिवे लागणीच्या वेळेला गल्लीतल्या बायका जमल्या. दारापासून आत देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती. मुखवटे दोन सुपांत ठेवले होते, वरून खण झाकलेला. रीत अशी, की थोरल्या देवीला घरची थोरली आणते आणि धाकटीला सून. काकू सर्वांत पुढे होत्या. त्यांनी आधी खणाचा कोपरा उचलला, पाहिलं, आणि खण खाली सोडला.

"कोणी रंगवल्या?"

"घरीच," आत्याबाई म्हणाल्या.

काकूंनी खण पुन्हा नीट झाकला आणि मागे सरून वाट दिली. काकूंच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती.

आत्याबाई ज्येष्ठेच्या सुपाकडे वाकल्या. हात पुढे केले, आणि तसेच मागे घेतले. मग त्यांनी ते सूप हातानं नाही, डोळ्यांनीच माझ्याकडे सरकवलं.

"तू घे थोरलीला."

बायकांत कुजबुज झाली. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत अशी सून थोरलीला आत नेते, असं कोणी पाहिलं नव्हतं. माझी छाती फुगली. मी सूप उचललं, पहिल्या पावलावर पाऊल ठेवलं आणि मनातल्या मनात हिंगोलीच्या सगळ्या सासवांना सांगून टाकलं, की बघा, गुणाची कदर अशी असते. आजूबाजूला बायका विचारत होत्या, महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली, आणि मी उत्तर देत होते, सोन्याच्या, माणकांच्या. आवाज मोठा काढत होते, काकूंना ऐकू जावा म्हणून. मागून धाकटीचं सूप घेऊन कोणी येत नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला दोन पावलं जावी लागली.

मी वळून पाहिलं. आत्याबाई दारातच उभ्या होत्या, दोन्ही हात अंगाशी लटकलेले. धाकटीचं सूप शेवटी काकूंनी उचललं होतं.

"चल की पुढं," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "काय बघून राहिली? खांद्यात जीव राहिला न्हाई माझ्या. पंपानं खाल्ला सगळा. न्हाईतर तुला कशाला दिली असती?"

मी पुढे निघाले. थोरलीला देवघरात नेऊन मुखवटा धडाच्या कोठीवर बसवला. लुगडं नेसवायलाही त्यांचे हात वर जाईनात, म्हणून तेही मीच केलं. माझ्या नेसवण्यातला काष्टा जसा असायचा तसाच देवीचा झाला, आणि त्याकडे बघून आत्याबाई पहिल्यांदा हसल्या.